सौंदर्यस्पर्धेचा किताब: आधीची तयारी आणि नंतरचं वर्ष

मे २०२५ मध्ये मिस वर्ल्ड हैदराबादला झाली. नांदेडकरांना हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ. थायलंडच्या ओपल सुचाताने क्राऊन जिंकला, आपल्याकडून राजस्थानातल्या कोट्याची नंदिनी गुप्ता होती. कोटा म्हणजे आपल्या लातूरसारखंच क्लासेसचं गाव. 'आमची पोरगी उंच आहे, दिसायला बरी आहे, काय करावं लागेल?' हा प्रश्न आता इकडचे आईवडीलही उघडपणे विचारतात. 'जिंकली तर पुढे काय?' हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि घोळ बहुतेक तिथेच होतात.

आधी रस्ता. मिस वर्ल्डला जायचं तर फेमिना मिस इंडिया. तिथे २०१७ पासून राज्यवार निवड होते, म्हणजे बीडची असो की बांद्र्याची, महाराष्ट्राची म्हणून एकच मुलगी उभी राहते. मिस युनिव्हर्सचा रस्ता वेगळा, त्यासाठी २०२४ पासून मिस युनिव्हर्स इंडिया ही स्वतंत्र स्पर्धा आहे. फेमिनाची वयाची अट साधारण १८ ते २५, उंचीची आता ५ फूट ३ इंच. पूर्वी ती ५ फूट ५ होती. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून लग्न झालेल्या आणि आई असलेल्या बायकांना घेतलं, आणि २०२४ पासून वयाची वरची मर्यादाच काढली. उंची अनवाणी, भिंतीला टाच टेकवून मोजतात. फॉर्मवर अर्धा इंच वाढवून लिहिलेला तिथे लगेच उघडा पडतो, आणि मग बाकीच्या माहितीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

या दोन रस्त्यांच्या आजूबाजूला आपल्याकडे तिसराच बाजार भरतो. हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये 'मिस अमुक महाराष्ट्र', 'मिसेस तमुक मराठवाडा'. नोंदणीची फी, ग्रूमिंगची फी, गाऊनचं भाडं, वर घरच्यांना वीस-वीस तिकिटं खपवायला सांगायचं, आणि शेवटी प्रत्येकीला काहीतरी किताब: बेस्ट स्माईल, बेस्ट हेअर, बेस्ट पर्सनॅलिटी. हौस म्हणून करा, कुणाची ना नाही. स्टेजची भीती तरी जाते. पण ही स्पर्धा पुढच्या कुठल्या स्पर्धेत प्रवेश देते, आयोजकाची नोंदणीकृत संस्था आहे का, मागच्या विजेतीला वर्षभरात कोणती कामं मिळाली आणि जिंकल्यावर सही करायचा करार आधी वाचायला मिळेल का, एवढं विचारा. उत्तरं गोलमोल आली तर तेवढ्या पैशांत चांगल्या सँडल आणि दातांचं काम होतं.

दातांचं मुद्दाम म्हणतोय. मराठवाड्यात अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम प्रति लिटर ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. लहानपणी दात आत तयार होत असताना जास्तीचं फ्लोराईड गेलं की पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. घासण्यात कसूर झाली असा त्याचा अर्थ नाही, आणि कितीही घासलं तरी ते जात नाहीत. क्लोजअपमध्ये मात्र सगळ्यांत आधी तेच दिसतात. घाईत ब्लीचिंग करून घेतलं तर पांढरे डाग सुरुवातीला आणखीच उठून दिसतात, हे बऱ्याच जणींना उशिरा कळतं. डाग वरवरचे असतील तर दंतवैद्य मायक्रोॲब्रेजनने वरचा पातळ थर काढतात, पांढऱ्या डागांत रेझिन भरतात. व्हेनियर, म्हणजे दातावर चिकटवायचं पातळ कवच, हा शेवटचा उपाय, कारण त्यासाठी निरोगी दात कायमचा घासावा लागतो आणि दहा-पंधरा वर्षांनी ते पुन्हा बदलावे लागतात. एकवीस वर्षांच्या मुलीने याचा हिशोब आधी करावा. काम ऑडिशनच्या दोन-तीन महिने आधी उरकलेलं बरं.

तेच पाणी केसांचंही वाटोळं करतं. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम केसांवर बसतं, केस राठ होतात, रंग लवकर उतरतो. पंधरा दिवसांतून एकदा ईडीटीए (साचलेले क्षार ओढून काढणारा घटक) असलेला क्लॅरिफाइंग शॅम्पू, त्यावर कंडिशनर, आणि रोजच्या धुण्यात शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात एवढंच परवडतं, आणि एवढं पुरतं.

आता चेहरा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली 'गोरं करणारी' मलमं आजच बंद करा. त्यातल्या बऱ्याच मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, मलम थांबवलं की पुरळ उसळतं. म्हणून थांबवायचंही त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने, हळूहळू. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण ती अजून मिळतात. तसंही गोरं दिसून इथे काही मिळत नाही. मेकअपवाल्याने दोन शेड उजळ फाउंडेशन लावलं की स्टेजच्या पांढऱ्या एलईडीखाली सावळा चेहरा राखाडी पडतो आणि मान वेगळी दिसते. शेड जबड्याच्या कडेला, उन्हाच्या उजेडात लावून बघायची. सनस्क्रीन चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं, उन्हात असाल तर दर दोन तासांनी. कार्यक्रमाच्या रात्री मात्र झिंक किंवा टायटॅनियमचं सनस्क्रीन नको, फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो.

उपाशी राहू नका. अचानक खाणं तोडलं की केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणजे नेमके अंतिम फेरीच्या तोंडावर. पाळी चुकते ती वेगळीच. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. ज्वारीची भाकरी सोडायचं काही कारण नाही. तिच्यासोबतचं वरण घट्ट करा, अंडी खात असाल तर दोन वाढवा.

ऑडिशनला पोर्टफोलिओपेक्षा साधे फोटो जास्त बघतात. मेकअप नाही, केस मागे, अंगाबरोबरचा साधा टी-शर्ट आणि जीन्स, मोकळी भिंत, सकाळचा उजेड. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरा, पूर्ण उंचीचा आणि एक हसरा क्लोजअप. फोन छातीच्या उंचीवर धरायचा, आठ-दहा फूट लांबून, दुप्पट झूमवर. जवळून काढला तर डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. आपल्याकडच्या निम्म्या अर्जांचं इथेच वाकडं होतं, कारण फोटो लग्नाच्या स्टुडिओतला असतो: मागे निळा पडदा आणि चेहरा घासून गुळगुळीत केलेला.

चालणं शिकायला मुंबई गाठायची गरज नाही. घराच्या गच्चीवर वीस-पंचवीस फुटांची सरळ रेघ पुरते. सुरुवात तीन इंच टाचेने, रोज वीस मिनिटं, आणि पंधरवड्यानंतर पाच इंच. पाच इंच टाचेला पुढे दीड इंचाचा प्लॅटफॉर्म असेल तर पायाचा उतार साडेतीन इंचांचाच राहतो. सँडल संध्याकाळी घ्यायच्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नव्या तळव्याला सँडपेपर मारायचा, नाहीतर पॉलिश केलेल्या स्टेजवर पाय सटकतो. पाऊल छोटं, गुडघे एकमेकांना घासून जातील असे, नजर परीक्षकांच्या डोक्याच्या थोडी वर. थांबताना वजन मागच्या पायावर. पोटऱ्या ताणायचा व्यायाम रोज, नाहीतर आठवड्यात टाच दुखायला लागते. आणि समजा पडलात, तरी संपलं असं नसतं. २००७ च्या मिस युनिव्हर्समध्ये अमेरिकेची रेचल स्मिथ गाऊनच्या फेरीत सपशेल खाली बसली, उठली, चालली आणि तरी पहिल्या पाचांत आली.

गाऊन पाडतो तो बहुतेक लांबीमुळे. ज्या सँडल घालणार त्याच घालून शिंप्याकडे जायचं आणि पुढची किनार जमिनीपासून अर्धा ते एक इंच वर ठेवायची. मागचा घोळ हवा तेवढा लांब. चालताना पुढचा घेर उचलायचा नाही, पायाच्या चवड्याने हलकेच पुढे ढकलायचा. ट्रायल दोन: एक कच्च्या टाक्यांवर, दुसरी कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, कारण तोवर वजन हललेलं असतं. दुसऱ्या ट्रायलला बसून, जिना चढून, दोन्ही हात वर करून बघायचं. चेनच्या वरच्या टोकाला हूक हवाच, चेन तुटते ती तिथूनच. बॅगेत सुई-दोरा, सेफ्टी पिना आणि दुहेरी टेप. शिंपी गावातलाच चालतो. १९९४ च्या मिस इंडियात सुश्मिता सेनने घातलेला गाऊन सरोजिनी नगर मार्केटातल्या कापडाचा होता, साध्या शिंप्याने शिवलेला, आणि हातमोजे नव्या पायमोज्यांचे केलेले.

त्याच रात्री तिचे आणि ऐश्वर्या रायचे गुण समान झाले आणि टाय सोडवायला सुश्मिताला विचारलं गेलं ते भारताच्या वस्त्रपरंपरेबद्दल. तिने गांधीजींच्या खादीपासून सुरुवात केली. हाच प्रश्न पैठणच्या मुलीला आला तर? पैठणीच्या पदरावरचा मोर उलट्या बाजूनेही तसाच दिसतो, कारण विणकर प्रत्येक रंगाचा धागा हाताने अडकवत जातो. हिमरू शालीत मात्र मागे सुटे धागे लोंबतात, म्हणून तिला अस्तर लागतं आणि बांगडी अडकली की धागा ओढला जातो. एवढी माहिती असलेली मुलगी तीस सेकंद आरामात बोलेल. पोशाखाच्या फेरीसाठी पैठणी नेसायची तर शिवलेली नऊवारी करून घ्या, कपडे बदलायला मोजकी मिनिटं मिळतात. आजीची जुनी पैठणी कापून गाऊन शिवायचा मोह टाळा. जुनं रेशीम जरीच्या घडीवर फाटतं, नेमकं स्टेजवर.

प्रश्नोत्तराच्या फेरीबद्दल मधू सप्रेचं उदाहरण सगळे देतात, बहुधा चुकीच्या कारणासाठी. नागपूरची मुलगी, मूळची खेळाडू, १९९२ च्या मिस युनिव्हर्सला बँकॉकमध्ये शेवटच्या तिघींत पोचली. देशाची नेता झालीस तर पहिलं काय करशील, या प्रश्नावर तिने मोठं क्रीडासंकुल बांधेन असं सांगितलं आणि ती तिसरी आली. गरिबी म्हणायला हवं होतं, असं तेव्हापासून शिकवलं जातं. मला ते पटत नाही. उत्तर खरं होतं, ते उघडं राहिलं इतकंच. मैदान का, कुणासाठी, त्याने काय बदलेल, ही दोन वाक्यं त्याला जोडायला हवी होती. आधी थेट उत्तर, मग कारण, मग एक ओळखीचं माणूस किंवा गाव, आणि गप्प. तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्द बसतात. फोनवर घड्याळ लावून बोलून बघा, आपण किती पाल्हाळ लावतो ते कळेल. इंग्रजी कच्चं असेल तर मराठीत किंवा हिंदीत नीट बोलावं. मिस वर्ल्ड आणि मिस युनिव्हर्समध्ये दुभाषी मिळतो. अर्धवट इंग्रजीत विचारच अर्धा राहतो.

मिस वर्ल्डला 'ब्यूटी विथ अ पर्पज' म्हणजे सामाजिक कामाला वजन आहे. २०१७ ची मिस वर्ल्ड मानुषी छिल्लरचं काम मासिक पाळीच्या स्वच्छतेवर होतं. आपल्याकडच्या मुली तेच उचलून आणतात, नाहीतर झाडं लावतानाचे फोटो. दारात केवढा विषय पडला आहे! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. फडावर संडास नाही, पाळीत सुट्टी नाही, खाडा झाला की पैसे कापतात. यावर वर्षभर एका तालुक्यात नीट काम केलेली मुलगी परीक्षकांपुढे बोलायला लागली की पाठ केलेल्या भाषणांचं काही चालत नाही. फक्त स्पर्धेच्या दोन महिने आधी सुरू केलेलं काम पहिल्या उलटप्रश्नात उघडं पडतं.

आता समजा जिंकलात. सॅश, म्हणजे किताबाचा पट्टा, आतून दोन सेफ्टी पिनांनी खांद्याला टाचतात. क्राऊनच्या टोकांना बारीक कड्या किंवा कंगवे असतात, त्यांतून पिना फुली मारून घालायच्या, खाली केस विंचरून फुगवलेले हवेत. गुळगुळीत केसांवर क्राऊन घसरतो आणि जगभर फोटो जातो तो एका हाताने क्राऊन धरलेला. गुडघे वाकवून डोकं स्थिर ठेवा, पिना लावणारीला वेळ द्या. हा क्राऊन बऱ्याचदा वर्षाने परतही द्यायचा असतो.

त्यानंतर येतो कागद. किताब म्हणजे साधारण एका वर्षाचा करार आणि त्यात तुमचं नाव, फोटो, वेळ, बाहेरची कामं हे सगळं संस्थेच्या हातात जातं. कमिशन साधारण २० ते ३० टक्के, आणि ते कुठल्या रकमेवर हे वाचायचं: हातात येणाऱ्या की बिलातल्या. प्रवास, कपडे, मेकअप, मुंबईतलं राहणं कोण देणार? संस्थेनं न आणलेल्या कामावरही कमिशन आहे का? करार वर्षाने आपोआप वाढतो का? मधेच सोडला तर दंड किती, आणि भांडण झालं तर कोर्ट कुठलं? मुंबई असेल, तर जालन्याहून प्रत्येक तारखेला जाण्याचा खर्च तुमचा. सही करण्यापूर्वी कागद घरी आणा, वकिलाला दाखवा, प्रत स्वतःजवळ ठेवा. 'आत्ताच सही कर, गाडी खाली उभी आहे' असं म्हणणाऱ्याला गाडी उभी ठेवू द्या.

अविवाहित असण्याची अट असेल तर कागदोपत्रीही तसंच हवं. २००४ मध्ये लक्ष्मी पंडितने मिस इंडिया वर्ल्डचा क्राऊन परत केला, वाद तिच्या वैवाहिक स्थितीचा होता. घर भाड्याने मिळावं म्हणून विवाहित असल्याचं दाखवलं, असं तिचं म्हणणं होतं. तिच्या जागी नाशिकची सायली भगत मिस वर्ल्डला गेली. म्हणून उपविजेतीनेही पासपोर्ट तयार आणि वजन ताब्यात ठेवावं. वर चढलेली खालीही येते: २००२ ची मिस युनिव्हर्स ओक्साना फेदोरोव्हा काही महिन्यांत पायउतार झाली आणि पनामाची जस्टीन पासेक तिथे बसली. २०२४ मध्ये मिस ग्रँड इंटरनॅशनल जिंकणारी पहिली भारतीय, जालंधरची रेचल गुप्ता, हिचाही किताब मे २०२५ मध्ये संपला. मी सोडला असं ती म्हणाली, आम्ही काढून घेतला असं संस्थेनं.

वर्षभराची कामं टीव्हीवर दिसतात तशी नसतात. मराठवाड्यात आलात तर साडीच्या शोरूमचं उद्घाटन, गणपतीत आरती, नवरात्रात दांडियाचं परीक्षण, कॉलेजचं गॅदरिंग, क्लासेसच्या फ्लेक्सवर फोटो. मानधन आधीच ठरवा आणि अर्धं आगाऊ घ्या, नाहीतर शाल आणि श्रीफळ हातात देऊन गाडीपर्यंत सोडतात. सोबत एका माणसाचं तिकीट, कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि कार्यक्रम संपायची वेळ हे फोनवर नको, मेसेजवर लिहून घ्या. मोठ्या ब्रँडचं बिल द्यायचं आणि साठ ते नव्वद दिवस वाट बघायची, ही रीतच आहे, तेव्हा जिंकलेल्या महिन्यात ईएमआयवर गाडी घेऊ नका. व्यावसायिक मानधनावर १० टक्के टीडीएस कापला जातो. विवरणपत्र भरलं नाही तर परत मिळण्याजोगे पैसेही अडकतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर १८ टक्के जीएसटीची नोंदणी. लातूर-नांदेडचा कुठलाही सीए हे करून देतो, मुंबईचा लागत नाही.

वर्ष संपलं की नवी मुलगी येते आणि फोन कमी होतात. सिनेमा हा एकच दरवाजा धरून बसलेल्या मुली इथे अडकतात. नम्रता शिरोडकर, १९९३ ची मिस इंडिया, सिनेमात गेली. सगळ्यांचं जमत नाही. १९६४ ची पहिली फेमिना मिस इंडिया मेहेर कॅस्टेलिनो फॅशनवर लिहायला लागली. १९७९ ची स्वरूप संपत पुढे शिक्षणशास्त्रात पीएचडी झाली. पनवेलची अदिती गोवित्रीकर डॉक्टर होतीच, २००१ मध्ये मिसेस वर्ल्ड झाली. आणि रीटा फारिया: १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झाली तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती, मैत्रिणींच्या साड्या उसन्या घेऊन लंडनला गेलेली. वर्षाचा करार पूर्ण केला, पुढच्या कामांना नाही म्हणाली, डॉक्टर झाली आणि डब्लिनला स्थायिक झाली.

तेव्हा पदवीचं शिक्षण चालू असेल तर नाव काढू नका, परीक्षेचे फॉर्म भरत राहा. विषय राहिले तर एटीकेटीने सुटतात. वर्ष पूर्णच बुडालं तर पुढच्या प्रवेशाला गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते नोटरीकडे किंवा तहसीलच्या आवारात एका सकाळीत होतं. सोबत किताबाच्या कराराची झेरॉक्स जोडली की कॉलेजचा क्लार्क सहसा दुसरा प्रश्न विचारत नाही.